वाचकांचे प्रश्न : सायकलीवरची भीती आणि खरा धोका

या महिन्यात रोज सायकलीने कामावर किंवा शाळेत जाणाऱ्यांची पत्रे बरीच आली. भीती जवळपास प्रत्येकाच्या पत्रात आहे आणि ती खोटी नाही. पण कित्येकांची भीती एका जागी आहे आणि धोका दुसऱ्याच जागी. म्हणून काही उत्तरे जरा विस्ताराने देत आहोत.

नशिराबादहून जळगावच्या एमआयडीसीत सायकलीने जातो. मागून ट्रक उडवेल अशी धास्ती वाटते, म्हणून रस्त्याच्या उलट्या बाजूने चालवतो. समोरून येणारी गाडी निदान दिसते. हे बरोबर आहे ना? — एक कामगार वाचक

बरोबर नाही. ही सवय आजच सोडा. हिशेब असा : तुमचा वेग ताशी १५ किमी आणि ट्रकचा ६०. तुम्ही डावीकडून चाललात, तर ट्रक तुमच्याजवळ ४५ च्या वेगाने येतो. तुम्ही १०० मीटरवर दिसलात, तर चालकाला ८ सेकंद मिळतात. उलट बाजूने गेलात की दोन्ही वेग एकत्र होऊन ७५ होतात आणि तेच १०० मीटर ५ सेकंदांच्या आत संपतात. शिवाय मागून येणारा ट्रक वेग कमी करून तुमच्या मागे थोडा वेळ थांबू शकतो. समोरासमोर आल्यावर नुसता वेग कमी करून भागत नाही, कोणाला तरी बाजूला व्हावेच लागते.

तुमच्या रस्त्यावर आणखी एक गोष्ट आहे. सकाळी तुम्ही पश्चिमेला जाता आणि संध्याकाळी पूर्वेला. म्हणजे दोन्ही वेळा ऊन तुमच्या पाठीवर असते आणि तुमच्या मागच्या चालकाच्याही. उलट बाजूला मात्र समोरून येणाऱ्या चालकाच्या थेट डोळ्यांवर ऊन असते. ज्याला तुम्ही दिसावे म्हणून तिकडे जाता, त्यालाच तुम्ही सर्वांत कमी दिसता. आणि आडरस्त्यावरून डावीकडे वळून महामार्गावर येणारा चालक फक्त उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडूनच येतात. तुम्ही त्याच्या डाव्या हाताने येता.

सर्व्हिस रोड असेल तिथे तोच धरा. नसेल तिथे डांबराच्या अगदी कडेला चिकटू नका, कडेपासून अर्धा मीटर आत राहा. साइडपट्टी खचलेली असते. तिच्यावरून परत डांबरावर चढताना चाक कडेला समांतर घासले की सायकल आडवी होते. खाली उतरावेच लागले तर वेग कमी करा, थांबा आणि सायकल उचलून वर घ्या. खड्डा २० मीटर आधीच हेरून हळूहळू बाजूला व्हा, ऐनवेळी हिसका देऊ नका. मान वळवून मागे बघताना हँडल उजवीकडे ओढले जाते, म्हणून हा सराव आधी मोकळ्या मैदानात करा. दुभाजक ओलांडायचा असेल तर डावीकडे थांबा, खाली उतरा आणि सायकल हातात धरून सरळ ओलांडा. त्या दोन मिनिटांसाठीच पुष्कळजण उलटे जातात.

मागच्या धडकेवरचा खरा उपाय म्हणजे मागचा लाल दिवा. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो, म्हणजे पाळी सुटेपर्यंत अंधार असतो. डायनामोचा दिवा थांबल्यावर विझतो आणि नेमके चौकात तुम्ही दिसेनासे होता. सेलवरचा किंवा चार्जिंगचा दिवा सीटच्या दांड्याला लावा आणि पिशवीने तो झाकला जात नाही ना, ते बघा. दोन्ही पायडलांना परावर्तक पट्टी लावा. वरखाली हलणारी चमक दुरूनही ‘सायकल’ म्हणून ओळखू येते.

एक गोष्ट कधीच करू नका : थांबलेल्या ट्रकच्या किंवा उसाच्या ट्रॉलीच्या डाव्या बाजूने पुढे घुसणे. ते वाहन डावीकडे वळले की त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा बरीच आतून येतात आणि तुमची जागा संपते. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

साक्रीकडे जून ते ऑगस्ट वारा भयंकर असतो. ट्रक शेजारून गेला की सायकल त्याच्याकडे ओढली जाते. असे का होते? — एक शिक्षक

ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या ज्या वाऱ्यासाठी उभ्या आहेत, तोच हा वारा. तो बहुतेक नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो. सुरत-धुळे महामार्गावर तुम्ही धुळ्याकडे, म्हणजे पूर्वेला जाता तेव्हा तो तुमच्या उजव्या पाठीमागून लागतो. तोल राहावा म्हणून तुम्ही नकळत उजवीकडे झुकलेले असता. उजवीकडून ट्रक आला की तो वारा अडवतो, पण तुमचे झुकणे तसेच राहते आणि सायकल ट्रककडे जाते. ट्रक गेला की वारा पुन्हा धक्का देऊन तुम्हाला डावीकडे साइडपट्टीवर ढकलतो. दोन्ही झटके दोनतीन सेकंदांत येतात. मोठ्या गाडीच्या आजूबाजूची हवाही आधी बाहेर ढकलते आणि मग आत ओढते, त्यामुळे परिणाम वाढतो.

ट्रकचा आवाज आला की पायडल मारणे थोडे कमी करा, कोपर सैल ठेवा, अंग खाली वाकवा आणि कडेपासून एक मीटर जागा राखा, म्हणजे दोन्ही झटक्यांना वाव राहतो. हँडल घट्ट आवळले तर खांद्यांचा प्रत्येक धक्का चाकापर्यंत जातो. उलट दिशेला, पिंपळनेर फाट्याकडे जाताना वारा समोरून डावीकडून येतो आणि सतत रहदारीच्या बाजूला ढकलत राहतो. माझ्या मते तीच बाजू जास्त धोक्याची. झाडे ज्या भागात नाहीत तिथे वेगाचा मोह सोडा. छत्री हातात घेऊन सायकल चालवणे तर या वाऱ्यात कोणी करूच नये.

पाऊस लागला की ब्रेक लागतच नाही. रबर नवे टाकले, तरी तेच. — एक विद्यार्थी, अमळनेर

रबराचा दोष नाही. तुमच्या सायकलीची रिम चकाकत्या पोलादाची आहे. ती ओली झाली की रबर आणि रिम यांच्यात पाण्याचा पातळ थर राहतो आणि पकड फारच कमी होते. ॲल्युमिनियमच्या रिमला हा त्रास बराच कमी असतो. पोलादी रिमवर उपाय एकच : ब्रेक लवकर आणि हलका. थांबायच्या ठिकाणाच्या बरेच आधी लिव्हर जरा दाबा, चाक दोनतीन फेऱ्या फिरू द्या म्हणजे पाणी पुसले जाते, आणि मग जोर द्या. ओल्यात नेहमीपेक्षा दुप्पटतिप्पट अंतर राखा.

रबर आणि रिम यांच्यात १ ते २ मिमी फट असावी. लिव्हर हँडलला टेकत असेल तर तार ताणा. लिव्हरजवळ तारेचा एक धागा तुटलेला दिसला तर ती तार त्याच दिवशी बदला, कारण उरलेले धागे जोरात ब्रेक मारतानाच तुटतात. चेनला तेल देताना रिमवर थेंबही पडू देऊ नका. आणि फक्त मागचा ब्रेक वापरायची खोड असेल तर ती मोडा. थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा करतो, मागचा एकटा चाक घसरवतो. दोन्ही एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत. वळणात मात्र ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक मारू नका, वेग वळणाआधीच कमी करा. रेल्वेच्या रुळांवरून जाताना चाक रुळाला काटकोनात ठेवा आणि रुळावर ना ब्रेक, ना वळण.

काळ्या मातीच्या रस्त्यावर चिखल मडगार्डमध्ये गच्च बसतो आणि चाक अचानक अडते. तिथे उतरून ढकला आणि काडीने माती काढा.

रात्रपाळीहून येताना कुत्री मागे लागतात. जोरात पळवावी का? — भुसावळ

नाही. पळणाऱ्या चाकामागे आणि हलत्या पायांमागे ती जास्तच धावतात आणि थोड्या अंतरात सायकलीला सहज गाठतात. अशा वेळी चावण्याइतकाच मोठा धोका तोल जाऊन पडण्याचा. कुत्री रोज त्याच ठिकाणी असतात, तेव्हा तिथे पोहोचण्याआधीच वेग कमी करा. अंगावर आलीच तर थांबा, उतरा, सायकल दोघांच्या मध्ये धरा आणि हळू चालत जा. लाथ मारू नका.

चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. मिरची, चुना, हळद काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथे त्वचेत देतात ती रेबीजची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. दंडात दिली तर १४ व्या दिवसाचीही एक मात्रा असते. रक्त आले असेल तर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते, ते मागून घ्या. कुत्रे ओळखीचे आहे म्हणून थांबू नका.

मुलीला आठवीत योजनेतून सायकल मिळाली. शाळा चार किलोमीटरवर आहे. एकटीला पाठवायला मन धजत नाही. — एक आई, चोपडा तालुका

ताई, तुमची काळजी रास्त आहे. पण आधी सायकल तपासा. नवी सायकल दुकानातली असो वा योजनेतली, तिची जोडणी घाईची असू शकते. पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरा आणि हँडल पिळा. फिरले तर नट सैल आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक सरकता कामा नये. चाक आडवे हलवून बघा आणि पायडलचा दांडा हलतो का ते बघा. तो हलत असेल तर कॉटर पिन, म्हणजे दांडा आसाला घट्ट धरणारी खीळ, सैल आहे. तशीच चालवली तर भोक झिजते आणि मग दांडाच बदलावा लागतो. पंधरा दिवसांनी हे सगळे पुन्हा एकदा करा, कारण तारा, नट आणि आरे सुरुवातीला बसतात, सैलावतात.

सीट अशी ठेवा की बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील. सराव झाला की वाढवा. ओढणी दोन्ही खांद्यांवरून समोर घेऊन कमरेला गाठ मारावी, मागे लोंबकळती नको. चाकात अडकलेली ओढणी गळ्याला ओढते. चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवीच. दप्तर हँडलला टांगू नये, कॅरिअरवर रबराने बांधावे.

एका रविवारी तुम्ही किंवा घरातले कोणी तिच्याबरोबर तो रस्ता जा. कुठे थांबायचे, कुठे उतरून चालायचे, हे तिथेच उभे राहून ठरवा. एस.टी. थांब्यावर बस डावीकडे लागली की बस आणि कडा यांच्यामधून कधीच जायचे नाही, बस सुटेपर्यंत मागे थांबायचे. मैत्रिणी असतील तर एकीमागे एक, डबलसीट नाही.

खिशात कांदा ठेवला तर उन्हात सायकल चालवताना ऊन लागत नाही, हे खरे का? — शिरपूर

खिशातला कांदा शरीराचे तापमान कमी करत नाही. मे महिन्यात खान्देशात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा ११ ते ४ जाणे टाळा. जावेच लागले तर डोक्याला आणि कानांना ओले उपरणे गुंडाळा आणि तहान लागायची वाट न बघता दर २० मिनिटांनी पाणी प्या. मीठ-साखरेचे पाणी घरी करायचे असेल तर १ लिटर पाण्यात साखर ६ सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चहाच्या चमच्याने मोजून. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात आहे. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

सराट्यांनी आठवड्याला पंक्चर होते. — धरणगाव

सराट्याचा काटा टायरमध्ये मोडून राहतो. ट्यूब बदलली तरी तोच काटा पुन्हा टोचतो. टायर पूर्ण उतरवून आतून फडके फिरवा, ते कुठे अडकते तिथला काटा चिमट्याने काढा. बाजूवर छापलेला दाब भरलेला ठेवा आणि शेतातल्या पायवाटेवरून आल्यावर चाक फिरवत टायरवरून हात नव्हे, फडके फिरवा.