झीलीला उचलता येईल अशी चाल

चि. बाय,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली चाल ऐकली, मग पेटी पुढ्यात घेऊन वाजवूनही बघितली. शब्द फार आवडले. श्रावणात देवळाच्या ओसरीवर अडकून पडलेल्या माणसालाच ते सुचतील. शेवटी तू विचारलं आहेस, "सर, ही लोकांसमोर म्हणण्याइतकी झालीय का, की आणखी दोन-तीन वर्षं शिकून मग म्हणू?" उत्तर आधी देतो. या श्रावणातच म्हण, आणि देवळातल्या भजनातच म्हण. पण त्याआधी चालीत थोडी दुरुस्ती करावी लागेल. तुझं शिक्षण कमी पडलं म्हणून ही दुरुस्ती सांगत नाही. चाल तू फक्त तुझ्या गळ्यासाठी बांधली आहेस, एवढीच माझी हरकत आहे.

तुझी ओळ पुन्हा लिहून काढतो, म्हणजे बोलणं सोपं होईल:

पावसाच्या धारा । देवळाच्या दारी । भिजली ओसरी । सारी रात ॥

मोठ्या अभंगाचा साचा तू नेमका पकडलास. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. पहिल्यांदा चाल बांधणाऱ्यानं याहून चांगला साचा शोधू नये. शेकडो वर्षं लोकांच्या तोंडात बसलेला आहे, कान आपोआप पुढचं अक्षर ओळखतो. एका चरणाला भजनी ठेक्याचं आठ मात्रांचं एक आवर्तन दिलंस, तेही योग्य. आता हिशोब बघ. सहा अक्षरांच्या चरणात दोन मात्रा उरतात आणि चार अक्षरांच्या चरणात चार. या उरलेल्या मात्रांना तू रिकामी जागा समजलीस आणि "सारी रात"वर एक लांब तान भरून टाकलीस. तान स्वच्छ आहे, गळा फिरतो तुझा. पण भजनात ती जागा तुझी नसते. तिथं झील, म्हणजे मागून म्हणणारी मंडळी, श्वास घेते, पखवाजवाला आपला तुकडा वाजवतो, टाळकरी पुढच्या समेसाठी, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेसाठी, हात उचलतात. तुझी तान ऐकून सगळे थांबतील, कौतुकानं बघतील, आणि ध्रुवपद परत म्हणायची वेळ आली की एकाच्याही तोंडून ते निघणार नाही.

मी इतकी वर्षं भजनाला पेटीवर बसतो. नवी चाल बरी की वाईट हे मला एकाच गोष्टीवरून कळतं: झील पहिल्या फेरीत ती उचलते का? दुसऱ्या फेरीत उचलली तरी चालेल. तिसऱ्या फेरीलाही मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत असली तर चालीतच काहीतरी अडतंय. झीलीत सगळ्या वयाचे गळे असतात. सत्तरीचा आजोबा असतो, आवाज फुटत असलेला पोरगा असतो, शेतावरून थेट आलेला कोणी असतो. शास्त्र त्यातल्या फारच थोड्यांना येतं, पण चुकीच्या जागी ओढलेला सूर त्या सगळ्यांना खुपतो.

आता दुसरी दुरुस्ती. भीमपलास निवडलास, पावसाच्या या शब्दांना तो शोभतो. पण ध्रुवपदातच तू पंचमावरून उचलून तार सप्तकातल्या कोमल गंधारापर्यंत गेलीस. तुझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची ती काळी पट्टी तुझा सा, तुला ते जमतं. झीलीतल्या अर्ध्या माणसांना तिथं पोचायला ओरडावं लागेल आणि उरलेली अर्धी गप्प बसतील. ध्रुवपद मंद्र निषादापासून मध्य पंचमापर्यंत ठेव. नि सा ग म प, एवढ्यात भीमपलासाची ओळख पुरी पटते. वर जायचं ते कडव्यात. कडवं तू सांगणार, बाकीचे ऐकणार, तिथं तुझा गंधार हवा तेवढा लाव. आणि खाली ध्रुवपदावर उतरलीस की सगळं देऊळ तुझ्याबरोबर उतरेल. ते एकदा अनुभवलंस की तान कुठं घ्यायची हे मला सांगावं लागणार नाही.

पौषात आपल्याकडे गोव्यात बायका मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या अंगणात, धालो हा गाण्या-नाचाचा खेळ घालतात, ते तू लहानपणापासून बघत आली आहेस. या वर्षी चाल बांधणारीच्या कानांनी ऐक. दोन रांगा समोरासमोर, एकीनं म्हणायचं, दुसरीनं तेच परत द्यायचं. मोजके सूर, छोटी ओळ, आणि ओळीच्या शेवटी एक ठरलेली लांबण, तेवढ्या वेळात समोरची रांग तयार होते. वही नाही, नोटेशन नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या गाणं टिकून आहे. ते कशामुळे टिकलं, हे संगीताच्या परीक्षेत कुणी विचारत नाही. मला विचारशील तर विशारदच्या पेपरात हा प्रश्न असायला हवा.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण मला फार टोचली. "भिजली ओसरी" म्हणताना तू "ओस"वर थांबतेस आणि "री" पुढच्या मात्रेवर, खटका घेऊन, वेगळी टाकतेस. ऐकणाऱ्याला ओसरी ओस पडल्यासारखी वाटते! शब्द अक्षरांनी मोजायचे, पण तोडायचे अर्थानं. नवी चाल झाली की ती पेटीशिवाय, ठेक्याशिवाय, नुसती बोलल्यासारखी म्हणून बघ. बोलताना जिथं थांबणार नाहीस तिथं गातानाही थांबू नकोस. सिनेमाच्या चालीवर अभंग बसवायची जी पद्धत काही ठिकाणी पडली आहे ती मला पटत नाही, त्याचं कारणही हेच. चाल दुसऱ्या शब्दांच्या मापाची असते, तिच्यात अभंग कोंबला की देवाच्या नावाचेसुद्धा दोन तुकडे होतात.

तू लिहिलंस की मैत्रीण म्हणाली, "ही चाल कुठंतरी ऐकल्यासारखी वाटते," आणि तुझी रात्रीची झोप गेली. बाय, ऐकल्यासारखी वाटणारच. भीमपलासात सा ग म प म्हटलं की हजार चिजा, म्हणजे रागातल्या बंदिशी, कानात जाग्या होतात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली 'सौभद्र' हे संगीत नाटक रंगभूमीवर आणलं ते लोकांना आधीपासून माहीत असलेल्या साकी-दिंडी या जुन्या छंदांच्या वळणांना हाताशी धरून. १९१६ सालच्या 'स्वयंवर' नाटकाची पदं भास्करबुवा बखल्यांनी बांधली तेव्हा रागदारीतल्या चिजा त्यांच्यासमोर होत्या. त्यातून नाटकाचं पद कसं घडलं हे बघणं म्हणजेच चाल बांधायला शिकणं. तेव्हा घाबरू नकोस. एक मात्र पाळ. एखाद्या चिजेचा मुखडा जसाच्या तसा घेतला असलास तर म्हणण्याआधी मंडळींना सांग, "अमुक चिजेवरून घेतलंय." त्यानं तुझा मान वाढेल.

लांबीबद्दलही बोलायला हवं. पाच कडवी आणि प्रत्येक कडव्याला वेगळी चाल, हा उत्साह मला समजतो. पण दोन कडवी काढून टाक, आणि उरलेल्या तिन्हींना एकच चाल ठेव. आपल्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी 'मत्स्यगंधा' नाटकाला १९६४ साली संगीत दिलं तेव्हा संगीत नाटक थकत चाललं होतं. त्याआधीच्या जमान्यात वन्समोअर घेत घेत नाटक रात्र उलटेपर्यंत चालायचं. अभिषेकीबुवांनी पदं कमी केली, आटोपशीर केली, आणि तरी रागाचा कस सोडला नाही. घरात कीर्तनाची परंपरा होती त्यांच्या. समोरचा माणूस किती वेळ धरून ठेवता येतो याचा अंदाज अशा घरात लहानपणीच येत असावा. आज आपल्या गावात हौशी मंडळी जत्रेला नाटक करतात तेव्हा हीच आटोपशीर पदं अजून म्हटली जातात.

आता प्रत्यक्ष म्हणण्याविषयी. तुला भीती वाटते ती सूर चुकण्याची. सूर चुकला तर पेटी सांभाळून घेते, आम्ही त्यासाठीच बसलेले असतो. लय सुटली तर मात्र कोणी सांभाळू शकत नाही, म्हणून मेहनत तिथं कर. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर हातानं एक ताल आणि पायानं दुसरा धरत, आणि ते आपल्याच गोव्याचे. तुझ्याकडून तेवढं कोणी मागत नाही. तोंडानं अभंग आणि हातानं आठ मात्रा, एवढं पक्कं झालं तरी श्रावण पार पडेल. चवथीला, गणपतीत, घरच्या आरतीत या वेळी झांज सोडून शामेळ हे तालवाद्य मागून घे. घुमटं, आपली मातीची तालवाद्यं, जोरात सुरू झाली की आपलंच आपल्याला ऐकू येत नाही, तशात एक लय धरून ठेवायची. याच्याइतकी कडक तालीम कुठल्याही क्लासात मिळत नाही.

बसण्याआधी पेटीवाल्याला पट्टी सांग. "काळी चार" एवढे दोन शब्द पुरतात. पण बायका-पुरुष मिळून झील असेल तर आधी दोन ओळी म्हणून बघा आणि गरज पडली तर एक पट्टी खाली घे. त्यात कमीपणा नाही. पखवाजवाला दिसेल असं बस, कारण समेवर मान हलते ती बघून अर्धी भीती जाते. पावसात वाद्यांचंही भान ठेव: दमट हवेत चामडं सैल पडतं, मंडळी मधेच थांबून जुळवाजुळव करतील, त्या वेळात घाबरून बोलत सुटू नकोस. शब्दांची वही समोर असू दे, पाठ असलं तरी. आणि कृपा करून सुरुवातीला "घसा जरा बसलाय" असं म्हणू नकोस. त्यानं ऐकणारा घशाकडे लक्ष देतो आणि गाण्याकडे द्यायचं विसरतो. मधेच शब्द विसरलीस तर ध्रुवपदावर ये. झीलीला ते पाठ झालेलं असतं. ती म्हणत असताना तुला कडवं आठवायला एक आवर्तन मिळतं. ध्रुवपद सोपं ठेव म्हणतो त्याचं हेही एक कारण आहे.

वास्कोला दामोदर सप्ताहात श्रावणात चोवीस तास भजन अखंड चालतं. एकदा रात्री दोन-तीनच्या सुमाराला जाऊन बस तिथं. गर्दी पांगलेली असते, मोठे गायक गाऊन गेलेले असतात, आणि कुठल्यातरी गावची साधी मंडळी भजन धरून ठेवतात. आवाज बसलेले असतात तरी लय हलत नाही. कुठल्या चाली त्या वेळेला आपसूक तोंडात येतात आणि कुठल्या कोणी काढतच नाही, हे वहीत लिहून आण.

फोनवर रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवायचं म्हणतेस. पाठव, पण भजनात म्हणून झाल्यावर. लोकांत म्हटल्यावर चाल थोडी बदलते. एखादा सूर झील आपणहून सरळ करते, एखाद्या जागी पखवाजवाला असा तुकडा टाकतो की तिथं थांबावंसं वाटतं. ते बदल घे आणि मग रेकॉर्ड कर. कला अकादमीच्या भजन स्पर्धेचा विचार सध्या डोक्यातून काढून टाक. स्पर्धा चांगली आहे, तिनं गावोगावची महिला मंडळं उभी केली, पण पहिलीच चाल परीक्षकांकडे बघत बांधलीस तर झीलीकडे बघायची सवय लागणार नाही.

सोमवारी येताना चाल भातखंडे पद्धतीनं लिहून आण. प्रत्येक मात्रेखाली अक्षर, कोमल गंधार-निषादाखाली आडवी रेघ, तार सुरांवर टिंब. मुखडा, म्हणजे ध्रुवपदाची सुरुवात, कितव्या मात्रेवरून उचलतेस ते मला फोनवरच्या ध्वनिमुद्रणात नीट कळलं नाही, आणि मला वाटतं तुलाही अजून नक्की ठरवायचं आहे. सातवीवरून उचललास तर "पाव" समेआधी येईल आणि "साच्या"तला "सा" समेवर पडेल. समेवरून उचललास तर "पा"वरच वजन येईल. दोन्ही लिहून आण. शेजारच्या दोघी-तिघींना घेऊन ये, त्यांना आधी काही शिकवू नकोस. मी पेटीवर असेन, तू एकदा म्हण, त्यांना परत म्हणू दे. मग ठरवू कुठला मुखडा ठेवायचा.

बाकी भेटीअंती. आईला नमस्कार सांग.

तुझे,
सर