खोली महागाची, कात्री अख्ख्या बिलाला

प्रश्न : सासूबाईंचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं, तीन दिवस अ‍ॅडमिट होत्या. बिल १ लाख ६० हजार, पॉलिसी ३ लाखांची, म्हटलं सगळं निघेल, तर कंपनीने ८० हजारच दिले. म्हणे रूम महागाची घेतलीत. अहो, ६ हजारांनी तीन दिवसांचं भाडंच १८ हजार होतं, मग ८० हजार कसे कापले? आणि दीरांकडे तर पॉलिसीच नाही, त्यांनी काय करायचं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या पॉलिसीत रूम भाड्याला लिमिट आहे, विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोजचे ३ हजार. तुम्ही दुप्पट भाड्याची घेतलीत. आता नुसता भाड्यातला फरक कापून कंपनी थांबत नाही, कारण बऱ्याच हॉस्पिटलांत सर्जनची फी, भूल, ओटी (ऑपरेशन थिएटर), डॉक्टरांची व्हिजिट सगळ्याचे रेट रूम बघून लागतात, तोच डॉक्टर, तेच टेबल, पण जनरल वॉर्डवाल्याला एक रेट न् डिलक्सवाल्याला दुसरा (असं का, ते मला आजवर कुणी नीट पटवून दिलेलं नाही). म्हणून रूम दुप्पट तर हे सगळे खर्चही निम्मेच मिळतात. प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात ते हेच.

पण तुमच्या बिलात औषधं न् तपासण्या मिळून ५० हजार आहेत ना, त्यांना ही कात्री लावताच येत नाही. औषधं, इम्प्लांट, तपासण्या, आयसीयू हे आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने) यातून बाहेर ठेवलंय आणि कंपनीने मात्र सरसकट निम्मं केलंय! म्हणजे पॉलिसीत न बसणाऱ्या किरकोळ वस्तू सोडल्या तर आणखी २५ हजारांच्या आसपास तुमचे निघतात. आणि हॉस्पिटल रूमप्रमाणे रेट बदलत नसेल तर तसं लेखी घ्या, मग सर्जनच्या फीलाही कात्री नाही. कंपनीच्या तक्रार विभागाला मेल टाका, महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा, फी नाही की वकील नाही.

दीरांचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आता पांढऱ्या रेशनकार्डालाही चालते. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, आजार यादीत आहे का ते त्यांनाच विचारायचं, पण ऑपरेशनच्या आधी, कारण आधी मंजुरी लागते, बिल भरून मग कागद नेले तर कोणी विचारत नाही. तिथे नाही जमलं तर धर्मादाय हॉस्पिटल बघा, तिथे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत न् १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्याच लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मात्र आत्ताच काढून ठेवायला सांगा, पेशंट अ‍ॅडमिट असताना तहसीलच्या खेपा होत नाहीत.