पत्रिकेवर काय छापायचं: पठण, पारायण की आवर्तन?

प्रश्न लातूरच्या एका ताईंचा आहे. गणपतीत त्या २१ जणी मिळून अथर्वशीर्षाला बसतात. पत्रिकेवर 'सामूहिक पठण' छापावं, 'पारायण' की 'आवर्तन', यावर घरात वाद आहे. सासूबाई नुसतं 'म्हणणं' म्हणतात, सून 'चँटिंग'.

ताई, 'आवर्तनं' छापा. अथर्वशीर्षाच्या फलश्रुतीतच, म्हणजे म्हटल्याचं फळ सांगणाऱ्या शेवटच्या भागातच, 'सहस्रावर्तनात्' असा शब्द आहे. आवर्तन म्हणजे फिरून पुन्हा आरंभाला येणं, आणि मोजदाद असते तिथं हाच शब्द लागतो. म्हणून तर फलश्रुती दर वेळी न म्हणता शेवटच्या आवर्तनाला एकदाच म्हणायची रीत. परळीला किंवा औंढ्याला रुद्राचा हिशेब ऐका. नमक आणि चमक हे रुद्राचे दोन भाग. नमकाची ११ आवर्तनं, दर आवर्तनामागे चमकाचा एकेक अनुवाक, म्हणजे परिच्छेद, की झाली एकादशनी. अशा ११ एकादशनींचा लघुरुद्र, म्हणजे १२१ आवर्तनं. ११ लघुरुद्रांचा महारुद्र, म्हणजे १३३१. अतिरुद्राला १४६४१. तिथं 'रुद्राचं पठण झालं' एवढ्यानं यजमानाचं समाधान होत नाही, किती झालं ते सांगावं लागतं.

पारायण म्हणजे पार जाणं, पैलतीर गाठणं. त्याला ग्रंथ मोठा हवा, मध्ये मुक्काम हवेत. ज्ञानेश्वरीचं होतं, गुरुचरित्राचं होतं, सप्ताह लावून. पाच-सात मिनिटांच्या अथर्वशीर्षाचं पारायण म्हणजे गल्ली ओलांडायला होडी काढणं. 'पठण' चूक नाही, पण तो पत्रिकेतला नि बातमीतला शब्द. "थांब, माझं पठण चाललंय" असं स्वयंपाकघरातून कुणी ओरडत नाही.

सासूबाईंचा शब्द मला सगळ्यांत आवडला. 'म्हणणे' हे संस्कृत 'भण्'पासून आलेलं. स्तोत्र म्हणायचं, आरती म्हणायची, पाढे म्हणायचे आणि आपल्याकडं गाणंसुद्धा म्हणायचं. परभणीकडं "काका रुद्र म्हणायलेत, जरा थांब" एवढं पुरतं. सूर किती लावायचा हे क्रियापद सांगत नाही, ते ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. जांबच्या समर्थांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात, म्हणून पोरंही झोका घेतल्यासारखे म्हणतात. त्यांचंच 'अनुदिनि अनुतापें' मालिनीत, तिथं आवाज आपोआप लांबतो. अथर्वशीर्षाचा बराचसा भाग गद्य, त्याला वृत्ताचा आधार नाही. त्याची चाल पोथीतल्या स्वर दाखवणाऱ्या रेघांत असते: अक्षराखाली आडवी रेघ तो अनुदात्त, डोक्यावर उभी रेघ तो स्वरित. ज्यानं गुरूसमोर बसून संथा घेतली तो या रेघांनी चालतो. ज्यानं कॅसेटवरून पाठ केलं तो कॅसेटच्या चालीनं. दोन्ही प्रकारच्या मंडळी एका सतरंजीवर आल्या की 'त्वमेव केवलं कर्तासि'पर्यंतच गाडी रुळावरून घसरते. तेव्हा आधी एक जण पुढं म्हणणारी ठरवा.

आता थोडं आडवाटेनं. आपल्याकडं शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेची घरं बरीच. त्यांच्याकडं पुरुषसूक्तात 'सहस्रशीर्खा पुरुखः' ऐकू आलं तर उच्चार बिघडला असं समजू नका. 'ष'चा 'ख' आणि आरंभीच्या 'य'चा 'ज' हा त्या शाखेचा नियमच आहे, आणि स्वर ते हात वरखाली नेऊन दाखवतात. पाठही वेगळा आहे: ऋग्वेद्यांचं 'स भूमिं विश्वतो वृत्वा', यांचं 'स भूमिं सर्वतः स्पृत्वा'. एकाच पंगतीला दोघं बसले आणि ही जागा आली, की एक जण दुसऱ्याकडं चमकून बघतो.

सूनबाईंच्या 'चँटिंग'बद्दल माझी तक्रार एवढीच, की त्यात सगळं एकाच पोत्यात जातं. ओठ हलतात पण शेजाऱ्याला ऐकू येत नाही तो उपांशु जप. पैठणला नाथषष्ठीत टाळमृदंगावर 'भानुदास एकनाथ' चालतो तो गजर. तुळजापूरच्या 'आई राजा उदो उदो'ला मी जयघोष म्हणेन. या तिन्हींना एक शब्द वापरून ऐकणाऱ्याला काय कळणार?

आणि एक. पत्रिकेवर हौसेनं 'सहस्रावर्तन' छापणार असाल तर आधी गणित करा. २१ जणींनी प्रत्येकी ४८ वेळा म्हटलं, तर १००८ होतात. एका बैठकीत ते जमणार नाही, तीन-चार दिवस वाटून घ्या.