ॲक्सल बदलण्याआधी विम्याचा फॉर्म दुरुस्त करा

कुडाळच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 39, स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, पत्नी शिक्षिका, दोन मुलं, घरकर्ज 24 लाख बाकी. जुन्या जीपचे ॲक्सल आणि जिप्सीचं इंजिन घेऊन त्यांनी धोंड्यांवर चढणारी बगी बांधली आहे. यंदा पावसात पुढचा ॲक्सल शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, तुटला. पुढच्या जूनआधी बगी भक्कम करायची आहे: क्रोमोलीचे (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाचे) शाफ्ट, पुढे-मागे लॉकर (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ), 37 इंची टायर, नवे शॉक ॲब्सॉर्बर, केजला (बसणाऱ्यांभोवतीच्या पाइपांच्या सांगाड्याला) जादा पाइप. खर्च 5 लाख. त्यासाठी पत्नीच्या दागिन्यांवर सोनेतारण कर्ज घ्यावं की एंडोमेंट पॉलिसी (बचत आणि विमा एकत्र) मोडावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिलंय: "गेल्या वर्षी 50 लाखांचा टर्म विमा काढला, त्यामुळे घरच्यांची चिंता नाही. साहसी खेळाच्या प्रश्नाला एजंटने 'नाही' लिहिलं. म्हणाला, तीन वर्षं गप्प राहा, मग कोणी विचारत नाही."

सोनेतारणाचं नंतर बघू. आधी हे.

विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षं उलटल्यावर कंपनी पॉलिसीवर हरकत घेऊ शकत नाही. एजंट इतकंच बोलला. त्या तीन वर्षांच्या आत काही घडलं, तर महत्त्वाची माहिती दडवली म्हणून कंपनी दावा नाकारू शकते. फसवण्याचा हेतू नव्हता असं मानलं तर भरलेले हप्ते परत मिळतात. तुमचा हप्ता वर्षाला 12 हजार. पुढच्या पावसाळ्यात बगी उलटून तुमचं बरंवाईट झालं, तर पत्नीच्या हाती 50 लाखांऐवजी 24 हजार आणि डोक्यावर 24 लाखांचं कर्ज. फसवणूक ठरली तर 24 हजारांचीही खात्री नाही. फॉर्मवर सही तुमची आहे, आणि बगीचे व्हिडिओ तुम्हीच इन्स्टाग्रामवर टाकता. एजंटचं कमिशन मात्र कधीच सुटलं. असा सल्ला देणाऱ्याला पुन्हा दारात उभं करू नका.

याच आठवड्यात कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. हा खेळ केव्हापासून, वर्षातून किती वेळा, स्पर्धेत उतरता का, सगळं लिहा. कंपनी हप्ता वाढवेल, हा खेळ संरक्षणातून वगळेल किंवा पॉलिसीच नाकारेल. वर्षाला 5 हजार वाढले, अगदी 10 हजार वाढले, तरी भरा. खेळ वगळला तर सगळं खरं लिहून दुसरीकडे अर्ज करा, पण नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी बंद करू नका. नवी घेताना रक्कम 1 कोटी ठेवा. 50 लाखांतून कर्ज फेडलं की 26 उरतात, आणि तुमचा घरखर्चच वर्षाला साडेपाच लाख आहे. ती मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्ट, 1874 खाली घ्या. वर्कशॉपकडून ज्यांचे पैसे येणं आहेत त्यांना मग त्या पैशाला हात लावता येत नाही. ही सोय अर्ज करतानाच घ्यावी लागते.

आता पत्रातला तुमचा दुसरा बेत: तारकर्लीच्या पर्यटकांना बगीतून फेऱ्या मारून खर्च वसूल करण्याचा. 2,000 रुपये फेरी, आठवड्याला 10, वर्षाला 25 आठवडे, झाले 5 लाख. यात पेट्रोल नाही, टायरची झीज नाही, रिकामे शनिवार नाहीत. मुख्य म्हणजे बगीची नोंदणीच नाही, त्यामुळे तृतीय पक्षाचा विमाही नाही. एका पर्यटकाचा मणका दुखावला तर भरपाई वर्कशॉप विकून द्यावी लागेल. शिवाय आरोग्य विम्यात व्यावसायिक म्हणून साहसी खेळात भाग घेतल्यास उपचारखर्च वगळलेला असतो. फेऱ्यांचे पैसे घेतलेत की कंपनीला आयतं कारण मिळेल. हा बेत सोडा.

तीन एंडोमेंट पॉलिसींवर वर्षाला 96 हजार जातात आणि तिन्ही मिळून संरक्षण 12 लाखांचं. परतावा 5 टक्क्यांच्या आसपास. 'बचतही, विमाही' म्हणून गळ्यात मारलेला हा माल दोन्ही कामं अर्धवट करतो. जुनीला चारच वर्षं उरलीत, ती चालू द्या. बाकी दोन्हींचं सरेंडर मूल्य (मुदतीआधी मोडल्यास मिळणारी रक्कम) लेखी मागवा. टर्म विम्याचं मार्गी लागल्यावर त्या मोडा, पण येणारी रक्कम बगीत घालू नका. अडीअडचणीला तुमच्याकडे जेमतेम 1 लाख आहे, ती गंगाजळी आधी भरा.

राहिली बगी. 5 लाखांच्या सोनेतारणाचं व्याज 10 टक्क्यांनी वर्षाला 50 हजार, म्हणजे तुमची तीन महिन्यांहून जास्त बचत. तुमची यादीही उलट्या क्रमाने आहे. लॉकर लावला की दगडात अडकलेल्या एकाच चाकाच्या शाफ्टवर सगळा जोर येऊ शकतो, 37 इंची टायर तो आणखी वाढवतो. शाफ्ट मजबूत केला तर तुटणं क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यावर) नाहीतर ॲक्सलमधल्या क्राऊन-पिनियन गिअरवर सरकतं. टायर आणि लॉकर यंदा नकोत. पुढची शाफ्टजोडी क्रॉससकट तुमच्या अंदाजाने 70 हजार, तेवढी घ्या.

बाकी काम तुमच्या हातचं आहे. आपल्याकडे खारी हवा आणि पाइपात साचलेली लाल माती केज आतून खाते. खालचे पाइप हातोडीने ठोकून बघा. जिथे आवाज बदलतो तिथला तुकडा कापून सीमलेस पाइप घाला, वरून पट्टी मारून झाकू नका. लिंकच्या (ॲक्सल सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यांच्या) ब्रॅकेटपाशी वेल्डिंगला तडे गेलेत का ते घासून, रंग काढून तपासा आणि तिथे गसेट (तिकोनी आधारपट्टी) द्या. बेल्टचे आणि सीटचे बोल्टही बघा. डिफरेन्शियलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं) तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय: तेल बदला, ब्रीदरची (पेटीतली हवा सोडणारी) नळी उंच न्या. मजुरी तुमचीच, मालाला 35 हजार धरा. एकूण 1 लाख 5 हजार. नोव्हेंबर ते मे महिन्याला 15 हजार बाजूला टाकलेत तर नेमके तेवढे जमतात, आणि दागिने घरातच राहतात.

शाफ्टची ऑर्डर विमा कंपनीचं लेखी उत्तर हातात आल्यावरच द्या. कंपनीकडून भरलेल्या फॉर्मची प्रतही मागवून घ्या. खेळाच्या प्रश्नाला खोटं लिहिणाऱ्या एजंटने तंबाखू, रक्तदाब आणि उत्पन्नाच्या रकान्यांत काय लिहिलंय ते स्वतः वाचा, आणि जे चुकीचं असेल ते त्याच पत्रात दुरुस्त करा.