विडाल पॉझिटिव्ह आलं म्हणजे टायफॉइडच का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझ्या ११ वर्षांच्या मुलाला जूनपासून तिसऱ्यांदा टायफॉइड निघालाय. दर वेळी ताप आला की दुसऱ्याच दिवशी विडाल करतात, ती पॉझिटिव्ह येते, १:१६० वगैरे लिहिलेलं असतं, मग लगेच सलाईन आणि इंजेक्शनं. सासूबाई म्हणतात मुदतीचा ताप अंगात मुरलाय. खरंच असा मुरतो का हो?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं, कारण अशी फाइल घेऊन येणारे आईवडील मी लॅबमध्ये दर पावसाळ्यात बघते. तिन्ही वेळा टायफॉइड होता का, ते मी इथून सांगू शकत नाही, पण नुसत्या विडालवरून ते कुणालाच सांगता येणार नाही एवढं मात्र नक्की.

टायफॉइड होतो साल्मोनेला टायफी नावाच्या जिवाणूने. विडाल टेस्ट मात्र या जिवाणूला शोधतच नाही. ती आपल्या शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या अँटीबॉडी मोजते, १८९६ सालची टेस्ट आहे ही. आता गंमत नाही, खरी अडचण बघा, या अँटीबॉडी तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या तापात विडाल निगेटिव्ह आली तरी त्याला अर्थ नाही आणि पॉझिटिव्ह आली तर त्या अँटीबॉडी या तापाच्या आहेत की मागच्या कधीच्या तरी हेही कळत नाही, कारण त्या महिनोन्महिने रक्तात राहतात. आपल्याकडे पाण्यातून हा जंतू इतक्यांच्या पोटात जाऊन गेलेला असतो की धडधाकट माणसाची विडाल केली तरी थोडाफार टायटर, म्हणजे अँटीबॉडीचं प्रमाण (तुमच्या रिपोर्टातलं ते १:१६०), निघतो. मलेरियासारख्या दुसऱ्या तापातही तो वाढलेला दिसू शकतो. विडालला खरा अर्थ द्यायचा तर दहा-चौदा दिवसांनी दुसरं रक्त घेऊन टायटर चौपट वाढला का ते बघायला पाहिजे, आणि तेवढं कोण थांबतं?

जिवाणू प्रत्यक्ष पकडायचा तर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघणं, आणि ते अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी. हे मी पुन्हा पुन्हा सांगते कारण सगळं इथेच बिघडतं. टायफी रक्तात फार थोडे असतात, बऱ्याच पेशंटच्या एक एमएल रक्तात एकसुद्धा नसतो, ते यकृत, प्लीहा आणि हाडांच्या मगजातल्या पेशींमध्ये लपून बसलेले असतात. म्हणून मोठ्या माणसाचं ८ ते १० एमएल रक्त घ्यावं लागतं, मुलांचं वजनाप्रमाणे कमी. आणि एवढं करूनही शंभरातल्या चाळीस ते साठ जणांमध्येच तो सापडतो, त्यात आधी गोळ्या सुरू झाल्या असतील तर बघायलाच नको. आमच्याकडे एका मुलाची बाटली आली होती, वीस दिवस ताप, तीन अँटिबायोटिकं बदलून झालेली, पाच दिवस ती बाटली मशीनमध्ये ठेवली आणि काहीच वाढलं नाही. त्याला नेमकं काय होतं हे मग कुणालाच कळलं नाही. ते अजून डोक्यातून जात नाही माझ्या.

वाढ झाली तर काय होतं तेही सांगते. जंतू वाढायला लागले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो मशीनला कळतो आणि मशीन आवाज देतं, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांतच. मग थेंबभर काचपट्टीवर घेऊन ग्रॅमचा रंग देतो, गुलाबी काड्या दिसल्या म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह, टायफी याच गटातला. त्याच बाटलीतला दुसरा थेंब मॅकॉन्की प्लेटवर (जंतू वाढवायच्या ताटलीवर) पसरायचा, दुसऱ्या दिवशी ई. कोलाय हा आतड्यातला जंतू असेल तर गुलाबी ठिपके येतात कारण तो लॅक्टोज (दुधातली साखर) आंबवतो, टायफी आंबवत नाही म्हणून त्याचे ठिपके बिनरंगी. त्यानंतर साखरांच्या वगैरे टेस्ट, आणि शेवटी टायफीविरुद्धच्या सीरमचा (म्हणजे अँटीबॉडी असलेल्या द्रावाचा) थेंब, त्यात जंतूंच्या गुठळ्या झाल्या की ओळख पटली. एवढ्यावर थांबत नाही, कुठलं औषध त्याला मारतं तेही बघतो. एकेकाळी सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकवर बरा होणारा टायफॉइड आता आपल्याकडे बहुतांशी त्याला दाद देत नाही, आणि पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रायॅक्सोन या इंजेक्शनलाही न जुमानणारा टायफी पसरला. म्हणून अंदाजाने इंजेक्शन देणं मला पटत नाही. अर्थात पेशंट फार आजारी असेल तर डॉक्टर रक्त घेऊन लगेच औषध सुरू करतील, आणि ते बरोबरच आहे, रिपोर्टसाठी थांबायचं नाही.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही हां. ताप मुरत नाही, पण उलटतो, बरं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत परत येऊ शकतो. पुढच्या वेळी मुलाला ताप आला तर डॉक्टरांना एवढंच विचारा, "औषधाआधी ब्लड कल्चरला रक्त घ्यायचं का?" मलेरिया आणि डेंग्यूची तपासणीही मागे ठेवू नका. टायफॉइडची कॉन्जुगेट लसही मिळते, नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ती मुलांना मोफत दिली होती, तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोलून घ्या.

प्रश्न : युरिन कल्चरचा रिपोर्ट आला, त्यात 'मिश्र वाढ, नमुना पुन्हा पाठवा' असं लिहिलंय. पैसे वाया गेले ना? जळजळ तर होतेच आहे.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : रिपोर्ट बरोबर आहे, नमुना बिघडला होता. लघवीत तीन-चार प्रकारचे जंतू एकदम वाढले तर ते बहुतेक वेळा कातडीवरचे असतात. आम्ही एक मायक्रोलिटरच्या तारेने लघवी प्लेटवर ओढतो, त्यात एकाच जातीचे १०० ठिपके आले म्हणजे एका एमएलमध्ये एक लाख जंतू, आणि बहुतेक वेळा तो ई. कोलायच असतो. पण डबी सकाळी भरून दुपारी लॅबला दिली तर हे गणितच चुकतं, ई. कोलाय उबेत वीस मिनिटांत दुप्पट होतो. तेव्हा जागा पाण्याने स्वच्छ धुवा, सुरुवातीची धार सोडा, मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्या, आणि दोन तासांत पोचत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. (ब्लड कल्चरची बाटली मात्र फ्रिजमध्ये कधीच ठेवायची नाही.) हाही नमुना औषधाआधीच द्या. थंडी वाजून ताप किंवा कमरेत दुखत असेल तर मात्र आजच डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : आईला मागच्या वर्षी टायफॉइड झाला होता, आता ती ठणठणीत आहे. ती डबे करते. कुणीतरी म्हणालं, तिची शौचाची तपासणी करा. का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : योग्य सल्ला दिलाय. टायफॉइड होऊन गेलेल्या शंभरातल्या दोन-चार जणांच्या पित्ताशयात टायफी वर्षानुवर्षं राहतो, त्यांना काही त्रास नसतो पण शौचातून तो बाहेर पडत राहतो. न्यूयॉर्कची मेरी मॅलन स्वयंपाकीण होती, तिच्या बाबतीत हे १९०७ मध्ये लक्षात आलं. आईला पित्ताशयात खडे असतील तर शक्यता जास्त. एका नमुन्यात नाही निघाला म्हणून सोडू नका, वेगवेगळ्या दिवशी तीन तरी द्या, कारण तो रोज बाहेर पडत नाही. निघाला तर औषधाने बरेच जण त्यातून मोकळे होतात. तोवर आईने साबणाने हात धुऊनच कणकेला हात लावायचा, आणि कोशिंबीर-चटणीसारखं न शिजवलेलं डब्यात दुसऱ्या कुणी भरायचं.