वासराचा नायटा माणसाला लागतो का?

सिन्नरच्या गोठ्यातल्या वासराच्या डोळ्यांभोवती राखाडी खपल्या आल्यात आणि मुलाच्या हातावर गोल चट्टा उठलाय, संबंध आहे का, असं तुम्ही विचारलंय. बहुधा आहे. गुरांमधली ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम ही बुरशी माणसाला सहज लागते. मांजर-कुत्र्याकडून येते ती मायक्रोस्पोरम कॅनिस.

जनावरांकडून आलेला नायटा जास्त लाल, सुजलेला, कधी पू भरलेला असतो. त्यामुळे तो गळू समजून चुकीचे उपचार होतात. चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून केओएच तपासणी (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून खवल्यांत बुरशी आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) करून घ्या, खात्री होते.

मेडिकलमधून मिळणारी 'तीन औषधं एकात' असलेली ट्यूब कृपया लावू नका. त्यातल्या स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि चट्ट्याचं रूप बदलून निदानच अवघड होतं. साधं बुरशीविरोधी मलम चट्ट्याबाहेर 2 सेंटिमीटरपर्यंत लावा, आणि चट्टा गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवा. डोक्यात किंवा दाढीत असेल तर मलम पुरत नाही, गोळ्याच लागतात.

वासरू वेगळं बांधा, पशुवैद्यकांना दाखवा, हाताळताना हातमोजे घाला. खपल्यांमधले बुरशीचे बीजाणू (बियांसारखे सूक्ष्म कण) गव्हाणीच्या लाकडात महिनोन्‌महिने जगतात. म्हणून आधी शेण-माती घासून काढा, मगच 1 भाग ब्लीच 10 भाग पाण्यात मिसळून फवारा. शेणावर ब्लीच वाया जातं. पावसात कपडे दमट राहतात आणि दमटपणात बुरशी वाढते, म्हणून ते इस्त्री करूनच घाला.