मॅग्नेटिक शॉकअपची गाडी खरंच चुंबकावर तरंगते का?

तुम्ही विचारलंय: पुण्यात एक जुनी परदेशी गाडी बघितलीय, विकणारा म्हणतो "मॅग्नेटिक शॉकअप आहेत, गाडी चुंबकावर तरंगते, खड्डा कळत नाही". हे खरं का, आणि सोलापुरात राहून अशी गाडी घ्यावी का?

तरंगत वगैरे काही नाही. सोलापुरात होटगी रोडला सस्पेन्शनचं काम करत माझी बरीच वर्षं गेलीत, म्हणून सांगतो. गाडीचं वजन त्या गाडीतही स्प्रिंगच पेलतात. शॉकअपचं काम स्प्रिंगला गप्प बसवायचं. ते नसतील तर एका स्पीडब्रेकरनंतर गाडी पुढच्या चौकापर्यंत मान डोलवत जाईल.

साध्या शॉकअपमध्ये नळकांडं, तेल आणि भोकं पाडलेला पिस्टन असतो. भोकांवर पातळ पत्र्याच्या चकत्यांचे व्हॉल्व्ह. तेल त्यातून रेटून जाताना अडतं, तापतं आणि उसळी मरते. पण भोकं नि चकत्या कारखान्यात एकदाच ठरतात. मऊ ठेवल्या तर बसणारा खूश, पण वळणावर गाडी कलते. कडक ठेवल्या तर हायवेला गाडी चिकटून पळते आणि गावात शिरल्यावर कंबर बोलायला लागते. कंपनी मधलं काहीतरी पकडते, एवढंच.

मॅग्नेटिकमध्ये हे व्हॉल्व्हच नसतात. तेलात लोखंडाची अतिबारीक पूड असते, कण साधारण 1 ते 10 मायक्रॉनचे. आपला केस पन्नाससाठ मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. पिस्टनच्या पोटात तांब्याच्या तारेची कॉइल, तिची वायर पिस्टनच्या दांड्यातून वर आलेली. करंट नाही तेव्हा तेल आपलं पातळ, अरुंद फटीतून सरळ निघून जातं. करंट सोडला की फटीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि कण एकमेकांना धरून वाटेत आडवे उभे राहतात.

कबड्डीतली साखळी आठवा. रेडरने हळू रेटलं तर साखळी हलत नाही. ठरावीक जोराच्या वर रेटलं तर तुटते, पण मागे लगेच नवी तयार. हात किती घट्ट धरायचे ते करंट ठरवतो. करंट वाढवला की तेल कडक, कमी केला की मऊ, आणि मधल्या सगळ्या पायऱ्याही मिळतात. लोखंड मऊ जातीचं घेतात, म्हणजे करंट गेला की कण चुंबकपणा सोडतात. नाहीतर एकदा गोठलेलं तेल गोठलेलंच राहिलं असतं. हा बदल काही मिलिसेकंदांत होतो. चाक नि बॉडी यांतलं अंतर सेन्सर मोजत असतात आणि काँप्युटर प्रत्येक चाकाचा करंट वेगळा ठरवतो. डावं चाक खड्ड्यात जात असेल तर उजव्याला शिक्षा नाही.

कल्पना जुनी आहे. जेकब रॅबिनो नावाच्या अमेरिकी संशोधकाने 1940च्या दशकात असं तेल वापरून क्लच बनवला होता. गाडीच्या शॉकअपमध्ये ते यायला 2002 उजाडलं, कॅडिलॅक सेव्हिलमध्ये. पुढे कॉर्व्हेट, ऑडी टीटी, फेरारी 599 यांतही आलं.

मी हे तेल हाताळलंय ते एकदाच. हैदराबादकडे निघालेली एक गाडी आमच्याकडे थांबली, मागचा शॉकअप गळत होता. गळलेलं तेल काळपट करडं, बोटाला शाईसारखं लागत होतं. पोराने ते प्लॅस्टिकच्या झाकणात घेतलं आणि जुन्या स्पीकरचं चुंबक खालून लावलं. तेल जागच्या जागी थिजलं, वर बारीक काटे आले. झाकण उलटं केलं तरी पडेना. "मालक, हे तेल उभं राहतंय की ओ!" चुंबक काढल्यावर बदकन खाली, त्याच्याच चपलेवर.

दुरुस्ती मात्र जमली नाही. असलं तेल इथे मिळत नाही, आणि साधं भरून उपयोग शून्य. मालकाला सांगितलं, सावकाश जा आणि नवा मागवा. मारुतीचा शॉकअप दुपारपर्यंत बदलून देता येतो, हा मागवावा लागतो आणि किंमत ऐकून माणूस बसतो. शिवाय ही लोखंडी पूड म्हणजे एक प्रकारचं पॉलिश पेपरच, म्हणून सील चांगल्या दर्जाचे लागतात.

खड्डा कळत नाही हेही अर्धंच खरं. हा शॉकअप विरोध कमीजास्त करतो, गाडी उचलत नाही. बुडाला घासणारा स्पीडब्रेकर घासणारच. बारीक टायर असेल तर मोठ्या खड्ड्यात रिम वाकणारच.

रोज पुणे हायवे मारणार असाल आणि खिसा जड असेल तर घ्या, चालवायला मजा आहे. नुसतं सात रस्ता ते नवी पेठ करायचं असेल तर साधे शॉकअप बरे. बघायला जाल तेव्हा बोनेट दाबून उसळी बघायची आपली जुनी पद्धत इथे फसवी आहे, कारण गाडी बंद असताना कॉइलमध्ये करंटच नसतो. त्यापेक्षा गाडी चालू करून डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा दिवा राहतो का बघा. मग चारही चाकांमागे टॉर्च मारा. दांड्याजवळ करडी ओल दिसली तर किंमत पाडून घ्या, नाहीतर चहा पिऊन परत या.